टॉवेलाखालची वाटणी

आमच्या फुटबॉल क्लबची ती चार पोरं नानांनी निवडली, असं गावात अजून बोललं जातं. काहीजण म्हणतात, मी निवडली. पी.टी.चे सर म्हणतात, निवडायला काय अक्कल लागते, घडवली मी. आणि आमचे अध्यक्ष विचारतात, "निवडणारा माणूस कोणी निवडला, ते सांगा ना!" मी त्या सगळ्या प्रकाराला पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होतो. एकेक आकडा माझ्याच तोंडून बाहेर पडला. तरीही आज कोणी मला छातीवर हात ठेवून खरं सांग म्हटलं, तर माझी पंचाईत होईल. शाळेत गणित शिकवून केस पिकले. रीत बरोबर आणि उत्तर चूक आलं, तर किती मार्क द्यायचे ते मला ठाऊक आहे. पण रीत साफ चुकली आणि उत्तर बरोबर आलं, तर मार्क कोणाचे, हे मला कोणी शिकवलं नाही.

नाना म्हणजे बैलबाजारातले दलाल. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, मी कधी विचारलं नाही. उंच, वाळकी अंगकाठी, आणि खांद्यावर निळ्या काठाचा एक भला मोठा टॉवेल. या टॉवेलाने त्यांनी कधी घाम पुसलेला मी पाहिला नव्हता. घाम ते सदऱ्याच्या बाहीने पुसत. एकदा हात धुतल्यावर मी सहज त्या टॉवेलाकडे हात नेला, तर खांदा मागे घेऊन म्हणाले, "त्यो धंद्याचा हाय, मास्तर."

आमच्या काष्टीच्या बाजारात जुन्या लोकांचा सौदा अजून तोंडाने होत नाही. दलाल टॉवेल पसरतो, घेणारा त्याखाली हात घालतो, आणि बोटं धरून, दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. नानांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "बोट सुटलं, सौदा झाला." एकदा हात टॉवेलाबाहेर आला की मग चुकलं, फसलं, कळलं नव्हतं, असलं काही चालत नाही.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "जनावर इकनारा पुढून दाखवतो, घेनाऱ्यानं मागून बघावं." हे ते फक्त जनावरांना लावत असते तर ठीक होतं. ते माणसांनाही मागूनच बघत. लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला की हे वळसा घालून मागे जायचे आणि मान हलवून "चालंल" म्हणायचे. आमच्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले होते. नाना फाटकाशी उभे होते. साहेब पुढे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजव्या गुडघ्यात दुखतंय त्येंच्या. जिना चढवू नका." मी आपला साहेबांना वरच्या वर्गात घेऊन गेलो. अर्ध्या जिन्यात ते कठड्याला धरून जे उभे राहिले, ते तिथूनच शेरा लिहून गेले. शेरा काय होता ते सांगत नाही.

अशा माणसाच्या टॉवेलाखाली एके दिवशी हात येणं बंद झालं. नानांनी एका माणसाला बैलजोडी घेऊन दिली होती, आणि त्यातला एक बैल पहिल्याच तासाला नांगराला बसला. तो माणूस भांडला नाही. पुढच्या बाजाराला बैल घेऊन आला, नानांच्या समोर बांधला, आणि दिवसभर काही न बोलता शेजारी बसून राहिला. येणारा-जाणारा बघत होता. त्यानंतर नाना दर बाजाराला लिंबाखाली गुडघ्यावर टॉवेल टाकून बसत आणि संध्याकाळी तसाच खांद्यावर टाकून घरी जात. "नजर गेली नानांची," असं लोक म्हणायचे. त्यांच्या समोरच म्हणायचे.

आमचं फुटबॉलचं मैदान म्हणजे त्या बाजारतळाचंच एक टोक. आमच्या भागात कबड्डी आहे, कुस्ती आहे, क्रिकेट तर गल्लीगल्लीत आहे. फुटबॉलचा क्लब ही आमच्या अध्यक्षांची हौस. त्यांचा पेट्रोलपंप आहे आणि पोटही आहे, त्यामुळे स्वतः खेळायची भीती नव्हती. मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर बरं आहे. सराव सुरू व्हायच्या आधी मैदानातलं शेण उचलावं लागायचं, आणि बाजाराच्या दिवशी गोलच्या खांबाला म्हशी बांधलेल्या असायच्या.

एका संध्याकाळी नाना गोलच्या मागे उभे होते. पी.टी.चे सर पोरांना पळवत होते. नाना मला म्हणाले, "त्यो तिसरा. डाव्या पायावर वजन टाकीत न्हाई. आठ दिसांत बसंल." पी.टी.चे सर हसले. पाचव्या दिवशी पोरगा घोटा सुजवून घरी बसला. सर म्हणाले, योगायोग. अध्यक्ष मात्र मांजर आडवं गेलं तर गाडी मागे घेणारे. त्यांनी त्याच दिवशी नानांना क्लबमध्ये घेतलं. दुसऱ्या दिवशी नानांचा टॉवेल धुतलेला होता.

आता वाटणीचं सांगतो. जिल्ह्याची लीग सुरू झाली तेव्हा ठरलं, की नगरच्या बड्या क्लबांनीच सगळी चांगली पोरं उचलायची नाहीत. दर वर्षी नाव नोंदवलेल्या सगळ्या पोरांना छातीवर आकडे लावून एका हॉलमध्ये उभं करायचं. क्लबांनी पाळीपाळीने एकेक आकडा पुकारायचा. ज्याने पुकारला, पोरगा त्याचा. अशी प्रत्येकाने चार पोरं घ्यायची, बाकीची चिठ्ठ्या टाकून. कागदावर याला ड्राफ्ट म्हणत. आमच्याकडे सगळे वाटणी म्हणत, आणि वाटणीला जितकी भांडणं होतात तितकी होतही.

नगरला जाताना जीपमध्ये अध्यक्षांनी बजावलं, "नाना, हॉलमध्ये मोठ्यांदा काही बोलू नका. बेलापूरवाले आणि पारनेरवाले कान लावून बसतात. तुम्ही आकडा उच्चारला आणि आपली पाळी लांब असली, तर पोरगं गेलंच."

नाना म्हणाले, "तोंड कशाला उघडायचं? टॉवेल हाय की."

मग त्यांनी माझा हात टॉवेलाखाली घेतला. "जेवढी बोटं धरीन तेवढा आकडा. दोनदा धरीन. कळलं?"

मी हो म्हटलं. गणिताच्या मास्तराला आणखी काय समजावून सांगायचं? पी.टी.चे सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "अहो सर, हे फुटबॉल आहे का खिल्लार?" आम्ही तिघंही हसलो. नाना हसले नाहीत.

हॉलमध्ये पंचावन्न पोरं ओळीत उभी होती. नाना त्यांच्या मागून दोन फेऱ्या मारून आले. एकदोघांना त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला माहीत होतं. नानांचा सगळ्यांना एकच प्रश्न असायचा. "घरी दळन कोन आनतं?" जो पोरगा स्वतः गिरणीतून दळण आणतो त्याला थांबायची सवय असते, पाळी चुकवणाऱ्याला अडवायची सवय असते, आणि डोक्यावर डबा असताना चाल मोडायची नाही हेही येतं, असं त्यांचं म्हणणं. पी.टी.च्या सरांच्या हातात तीन पानी तक्ता होता. पण अध्यक्षांनी ठरवून टाकलं होतं की यंदा नाना.

आमची पाळी आली. नानांनी टॉवेलाखाली माझी चार बोटं धरली, सोडली, मग एक धरलं. चार आणि एक. मी उठून पुकारलं, "एकेचाळीस!"

नानांचा हात टॉवेलाखाली थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना माझ्या चपळाईचं कौतुक वाटतंय. एकेचाळीस नंबरचा पोरगा पुढे आला. कान मोठे, खांदे पडलेले, दुधाचा टेम्पो चालवणारा. पुढच्या पाळीला तीन आणि दोन. "बत्तीस!" मग तीन आणि तीन. "तेहतीस!" शेवटी दोन आणि चार. "चोवीस!" चोवीस नंबरच्या पोराला चष्मा होता आणि तो मागे इलॅस्टिकने बांधलेला होता. पी.टी.च्या सरांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला.

येताना जीपमध्ये नाना खिडकीबाहेर बघत होते. घोडेगाव असो की काष्टी, बाजारातून परतताना माणूस बडबडतो, हे गप्प का, मला कळेना. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, त्या एकेचाळीसात काय दिसलं?"

मी म्हटलं, "तुम्हालाच ठाऊक."

ते पुन्हा खिडकीकडे वळले.

पहिल्या सरावाला नानांनी एकेचाळीसला विचारलं, "दळन कोन आनतं घरी?" तो म्हणाला, "आई." नानांचा चेहरा उतरला. मी गोंधळलो. स्वतःच निवडलेला पोरगा, मग हे तोंड का? चष्मेवाला म्हणाला, "आम्ही पिशवीतलं तयार पीठ आणतो." नाना खाली बसले.

आणि मग त्यांनी जे केलं, ते असं. "बोट सुटलंय," ते स्वतःशी म्हणाले. "आता ह्योच आपला बैल." दुसऱ्या दिवसापासून एकेचाळीसने नानांच्या घरचं दळण आणायचं. आठवड्यातून दोनदा, तेही गिरणीत गर्दीच्या वेळी. पोरगा आधी हसला, मग चिडला, मग आणायला लागला. सराव असला की तो गोल राखायचा आणि नाना गोलमागे उभे राहायचे. चेंडू कुठे आहे हे ते बघायचेच नाहीत. पोराच्या टाचांकडे बघायचे आणि "वजन पुढं, वजन पुढं" म्हणत राहायचे. समोर पी.टी.चे सर शिट्टी फुंकत असत. पोराने ऐकायचं कोणाचं, हा प्रश्न होता. तो दोघांचंही ऐकत नव्हता असं मला वाटायचं.

तेहतीस नंबरचा पोरगा मात्र बघत राहावा असा. रुंद छाती, सरळ पाय, दळण स्वतः आणणारा. नाना त्याच्याकडे बघून खुलायचे. तीन सामने झाले आणि त्याला सुप्याच्या कंपनीत काम लागलं. तो गेला. नानांनी त्याला एस.टी.त बसवलं आणि परत आल्यावर म्हणाले, "झालं! आपला म्हनावा असा एकच हुता." याचाही अर्थ मला तेव्हा लागला नाही.

बाकीच्या तिघांनी मात्र कमाल केली. बत्तीस तर असा पळायचा की त्याला मागून बघण्याशिवाय समोरच्यांना इलाजच नसायचा. चष्मेवाल्याला चेंडू कुठे येणार हे आधीच कळायचं. एकेचाळीस गोलमध्ये उभा राहिला की भिंत. आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर बेलापूरचा संघ.

त्या सामन्यात नाना माझ्या शेजारी बसले होते. बेलापूरच्या एका पोराने डाव्या बाजूने अशी मुसंडी मारली की आमच्या लोकांचे श्वास अडकले. नाना पुटपुटले, "वा रं माझ्या राजा!"

"नाना," मी म्हटलं, "तो बेलापूरचा."

"व्हय," ते म्हणाले. "तकडं गेला."

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो आणि त्याच पोराला गोलसमोर मोकळी जागा मिळाली. त्याने मारलेला चेंडू खालच्या कोपऱ्यात चालला होता. एकेचाळीसचं वजन पुढे होतं. तो आडवा झाला आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला. आम्ही जिंकलो. लोक मैदानात धावले. मी वळून पाहिलं तर नानांनी टॉवेलाने डोळे पुसले. त्या टॉवेलाने, पहिल्यांदाच. ते कोणासाठी रडले, जिंकलेल्यासाठी का हरलेल्यासाठी, हे मला त्या वेळी विचारावंसंही वाटलं नाही.

त्यानंतर आठ दिवस श्रेयाची वाटणी चालली, आणि ती पोरांच्या वाटणीपेक्षा वाईट होती. अध्यक्षांनी बोर्ड लावला. त्यात ते स्वतः पुरुषभर, खाली नाना तिकिटाएवढे. पी.टी.च्या सरांना जिल्ह्याच्या संघाच्या प्रशिक्षकाची जागा हवी होती. निवड आपल्या तक्त्यावरून झाली, असं पत्र ते माझ्याकडे मागत होते. क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक रोज टाळ्यांची चित्रं टाकत, पण कोणाच्या नावाखाली टाकायची ते ठरत नव्हतं. बाजारात मात्र वेगळंच घडत होतं. लिंबाखाली नानांच्या टॉवेलात पुन्हा एखादा हात यायला लागला होता. पहिल्यांदा आला तो, बैल परत आणून बांधणाऱ्या त्याच माणसाचा.

सत्काराच्या आदल्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुम्ही भाषणात ते टॉवेलाचं सांगा. लोकांना मजा येईल." म्हणून मी बाजारात नानांकडे गेलो आणि म्हटलं, "ती बोटांची रीत मला जरा नीट सांगा, भाषणात घ्यायचीय."

नानांनी माझा हात टॉवेलाखाली घेतला. तीन बोटं धरली. मग दोन. "सांगा किती?"

"बत्तीस."

नाना हसले. "तुमी पाटीवर लिवता तसं वाचता. बाजारात आदी सुट्टं, मग गठ्ठा. आपन बोलतो कसं? तेवीस. आदी तीन, मग वीस. तोंडानं तसं बोटानं."

चार आणि एक म्हणजे चौदा. तीन आणि दोन, तेवीस. दोन आणि चार, बेचाळीस. चौदा आणि तेवीस बेलापूरने नेले होते. तकडं गेले होते. नानांनी निवडलेला आमच्यात एकच आला. तेहतीस, कारण तो कुठूनही वाचला तरी तेहतीसच. आणि तो कंपनीत निघून गेला होता.

नाना माझ्याकडे बघत होते. बाजूने एक गडी म्हैस ओढत गेला. मग ते हळूच म्हणाले, "मास्तर, एक इचारू? तुमी त्या दिशी जानूनबुजून उलटं पुकारलं, व्हय ना? मला वाटलंच हुतं. शिकलेला मानूस, कायतरी येगळं दिसलं असंल. म्हनून मी गप बसलो."

मला "नाही" म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. नाना, मी चुकलो, मला एकं-दहंसुद्धा कळलं नाही, एवढंच. पण मी म्हणालो, "हो."

का म्हणालो, त्याला माझ्याजवळ चांगलं कारण नाही. लाज वाटली, हे एक. आणि इतके दिवस कोणीच माझं नाव घेत नव्हतं, हे दुसरं.

नानांनी माझं बोट सोडलं. "मंग बरोबर," ते म्हणाले, आणि टॉवेलाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सत्कारात शाल नानांच्या खांद्यावर पडली. ती त्यांनी काढली, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "ही मास्तरांची हाय. मी निवडलेली पोरं दुसरीकडं गेली. आपल्यातली मास्तरांनी निवडली. माजी नजर न्हाई, त्येंची हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना तो नानांचा मोठेपणा वाटला. अध्यक्षांना राग आला, पी.टी.चे सर उठून गेले, आणि मी शाल पांघरून बसलो. उकाड्याचे दिवस होते. ती शाल मला कार्यक्रम संपेपर्यंत काढता आली नाही.

मी निदान तिथेच थांबायला हवं होतं. पण पुढे लोक मला पोरं दाखवायला लागले. एकाने तर कालवड दाखवली. मी मागे जाऊन उभा राहायचो, मान हलवायचो. आणि नानांच्या टॉवेलाखाली हात घालायला कोणी आलं, तर नाना म्हणायचे, "मला कशाला इचारता? मास्तरांना बोलवा. माजं काय खरं न्हाई आता." ते खोटी नम्रता दाखवत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. बैल बसला तेव्हा लोक म्हणाले होते नजर गेली, पण नानांनी ते मानलं नव्हतं. माझ्या एका शब्दाने मानलं. पुढच्या काही बाजारांना ते लिंबाखालीही दिसले नाहीत. मी घराकडे चौकशी केली तर अंगणात बसले होते. टॉवेल दोरीवर वाळत होता आणि पोराबाळांनी त्याला हात पुसलेले दिसत होते.

पुढच्या वर्षीच्या वाटणीला मी त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं. "तुमीच निवडा की," ते म्हणत होते. मी म्हटलं, "सवय म्हणून तरी चला, नाना. टॉवेल घ्या." वाटेत चार वेळा खरं सांगायचं मनात आलं. जीपमध्ये अध्यक्ष होते, पी.टी.चे सर होते. नसते तरी सांगितलं असतं का, माहीत नाही.

हॉलमध्ये त्यांनी ओळीच्या मागून एकच फेरी मारली. दळणाचं कोणाला विचारलं नाही. येऊन बसले, टॉवेल पसरला. आमची पाळी आली. चार बोटं, मग चार. मी पुकारलं, "चव्वेचाळीस!" दुसऱ्या पाळीला एक, मग एक. "अकरा!" मी या वेळी रीत घोकून आलो होतो, त्यामुळे चूक होणार नाही याचा आनंदच होता मला. तिसऱ्या पाळीला दोन धरली. सोडली. पुन्हा दोनच धरली.

"बावीस," मी पुकारलं, आणि खाली बसता बसता माझ्या ध्यानात आलं.

चव्वेचाळीस, अकरा, बावीस. मास्तराने कसेही वाचले तरी चुकणार नाहीत असेच आकडे. नानांना ठाऊक होतं. कदाचित बाजारातल्या त्या दिवशी माझा चेहरा बघून तेव्हाच कळलं असेल, कदाचित नंतर घरी बसून हिशेब लागला असेल. तरी त्यांनी माईकवर मला शाल दिली होती. आणि आज ओळीतल्या पोरांत त्यांनी पोरं बघितलीच नव्हती. मी चारचौघांत पुन्हा चुकू नये, एवढंच बघितलं होतं. का त्यांना खरोखर तीच तीन आवडली होती? माझं डोकं चालेना. नाना समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दलालाच्या चेहऱ्यावर नसतंच.

त्या वर्षी आम्ही खालून दुसरे आलो, हे इथेच सांगून टाकतो. त्याचं श्रेय घ्यायला कोणी आलं नाही. अध्यक्ष म्हणाले, निवड मास्तरांची होती.

पण चौथी पाळी राहिली होती. पारनेरवाले बोलत होते, पुढे आम्ही. नानांनी टॉवेलाखाली हात पुढे केला. त्यांनी काही धरायच्या आत मीच त्यांची बोटं धरली. आधी चार. सोडली. मग एक.

चौदा. त्यांचा पोरगा, जो माझ्यामुळे तकडं गेला.

नानांचा हात हलला नाही. त्यांची बोटं खरखरीत होती आणि थोडी थंड. मला वाटलं, आता ते हात काढून घेतील आणि उठून जातील. त्यांना तो हक्क होता. वर अध्यक्ष कुजबुजत होते, "गेल्या वर्षीसारखाच एखादा काढा हो, मास्तर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते चारचौघांत पुसता येत नव्हतं.

मग नानांनी माझा पंजा धरला. सगळा, पाचही बोटं. सोडला. मग दोन बोटं धरली आणि जोरात दाबली.

पाच आणि दोन. हा कुठूनही सारखा वाचता येणारा आकडा नव्हता.

मी उठलो. आयुष्यात फळ्यापुढे एवढा घाबरलो नव्हतो. आधी सुट्टं, मग गठ्ठा, असं मनात म्हटलं, आणि पुकारलं, "पंचवीस!"

ओळीतून एक काटकुळा पोरगा पुढे आला. नानांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, गुडघ्यांवर हात टेकत उठले, आणि वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काय रं," मी त्यांना विचारताना ऐकलं, "घरी दळन कोन आनतं?"